परक्या राबाची राख

राबाचा धूर नाकात गेला की लोकांना म्हणे माहेर आठवतं, लहानपण आठवतं. मला संशय येतो. कशाचा, हे आता विचारू नये, कारण ज्याचा यायचा होता त्याचा निकाल लागून दहा-बारा वर्षं झाली. तरी चैत्र लागला, सरळगावच्या पुढे एस.टी.च्या खिडकीतून तो कडवट, मधूनच गोडसर होणारा वास आत आला, की मी उगाच शेजारच्या बाईच्या पिशवीत डोकावते. तिच्या मांडीवर मूल झोपलेलं असेल तर त्याचे तळपाय बघते. ती बिचारी पदर पुढे ओढते. तिला वाटत असेल, बाईची नजर चांगली नाही. तिचं फार चुकत नाही.

राब म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला सांगावं लागतं. भाताचं रोप जिथे करायचं, तो जमिनीचा तुकडा पावसाआधी भाजून घेतात. खाली शेण, त्यावर ऐनाच्या तोडलेल्या फांद्या, त्यावर पातेरा, म्हणजे वाळका पालापाचोळा, आणि गवत, वरून मातीचा पातळ थर. वारा बघून एका कडेने काडी लावायची. राब भडकत नाही, आतल्या आत धुमसतो, आणि दोन दिवसांनी तिथे मऊ, करडी राख उरते. आमच्या गावात मात्र गावदेवीला नारळ दिल्याशिवाय राबाला कुणी काडी लावत नाही. नारळाचा दिवस गावकी ठरवते, आणि आमची गावकी कुठलीही गोष्ट लवकर ठरवत नाही. त्यामुळे आजूबाजूच्या गावांतले राब भाजून थंड झाले तरी आमचे तसेच पडलेले असतात. ही गोष्ट पुढे माझ्या कामी आली, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

नव्वदीची शेवटची वर्षं होती. आमचं गाव किन्हवलीच्या बाजूला. ह्यांची नोकरी रेल्वेत, कसाऱ्याला, आणि पाळ्या अशा की हे घरी असले की झोपलेले असायचे. मी शहापूरला जमीन मोजणीच्या ऑफिसात नकाशे उतरवून द्यायचे काम करत होते. पारदर्शक कापड नकाशावर अंथरायचं आणि खालची रेघ वर गिरवायची. दुसऱ्याने मोजलेली, दुसऱ्याने काढलेली रेघ. हात चांगला होता माझा, सगळे म्हणायचे. पण सात वर्षं गिरवून गिरवून मला त्या रेघांचाच संशय यायला लागला होता. ही रेघ इथे अशी वाकडी का? ओढा आहे, की मोजणाऱ्याला कुणी चहा जरा जास्त पाजला? टेबलावर बसून ते कळत नसतं. जाऊन बघावं लागतं.

जाऊन बघायची संधी आली तेव्हा थोरली, वैशाली, सहा वर्षांची होती आणि धाकटा नितेश जेमतेम सव्वा वर्षाचा. साहेबांनी बोलावून सांगितलं, "मुरबाडकडे माणूस कमी आहे. महिनाभर मोजणीवर जाऊन बघा. जमलं तर एप्रिलअखेर तसं लेखी द्या, कायमचं मोजणीवर घेऊ. नाही जमलं तर तुमचं टेबल आहेच." तोपर्यंत आमच्याकडे बाई मोजणीवर गेल्याचं मी ऐकलं नव्हतं.

मला ते काम हवं होतं. हे मी आज इतक्या सरळ लिहिते आहे, पण तेव्हा कुणाजवळ बोलले नाही. अंगावर पिणारं मूल घरात असताना बाईला पगार हवा असतो हे लोकांना पटतं, काम हवं असतं हे पटत नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही पटत नव्हतं. सगळ्यात आधी मी माझ्यावरच संशय घेतला. तुला मोजणी आवडते, की भांडी, लंगोट आणि चूल यांच्यापासून लांब जायला मोजणीचं निमित्त हवं आहे? शेतात उभी राहिलीस की बरं वाटतं ते जमिनीमुळे, की पोरं दिसत नाहीत म्हणून? असले प्रश्न पुरुषांना पडतात का, मला माहीत नाही. ह्यांना कसाऱ्याला जाताना कधी पडलेले मी पाहिले नाहीत.

ह्यांना विचारलं तर म्हणाले, "तुला जमेल तसं कर." या चार शब्दांइतका संशयास्पद पाठिंबा जगात दुसरा नसेल. त्यात होकार आहे, नकार आहे, आणि पुढे काही बिनसलं तर 'मी म्हटलंच होतं' याचीही सोय आहे. ऑफिसातल्या बायका म्हणाल्या, "मुलं लहान आहेत तोवर टेबलच बरं." ज्या बाईने हे सर्वांत गोड आवाजात सांगितलं, तिचा भाऊ मोजणीच्या जागेसाठी खटपट करत होता, हे मला नंतर कळलं. पण संशय मला आधीच आला होता.

आणि सासूबाई. त्यांनी मूल सांभाळायचं एका शब्दात कबूल केलं. "जा. मी हाय." बस, एवढंच. कुरकुर नाही, अट नाही. ज्या बाईने लग्नानंतर पाच वर्षं माझ्या हातच्या भाकरीला नावं ठेवली, ती एवढी उदार झाली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. मला वाटलं, ही माझी फजिती बघायला बसली आहे. महिनाभरात पोर माझ्यापासून तुटेल, मी रडत घरी येईन, आणि मग ही म्हणेल, बघ.

टोकावड्याच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी, दोन भावांच्या वाटणीची मोजणी माझ्याकडे आली. जमीन एका जागी नव्हती, लहान-लहान तुकडे ओढ्याच्या दोन्ही बाजूंना विखुरलेले. काम पंधरा-वीस दिवसांचं. माझ्याबरोबर ऑफिसातले गोविंदमामा, निवृत्तीला आलेले शिपाई, आणि साखळी ओढायला भावांनी दिलेले दोन गडी. तीन पायांवर लाकडी फळी उभी करायची, तिच्यावर कागद ताणायचा, कागदावर एक पट्टी. पट्टीच्या दोन्ही टोकांना फट असते. एका फटीला डोळा लावायचा आणि दुसऱ्या फटीतून लांब धरलेला झेंडा पकडायचा. जे दिसेल त्याची रेघ ओढायची. कुणी गिरवलेली नाही, माझी स्वतःची. पहिली रेघ ओढली आणि गोविंदमामांना दिसू नये म्हणून मी डोळ्यांना पदर लावला. समोर राब धुमसत होता, त्यामुळे खपून गेलं.

मोजणीला उभं राहिलं की कळतं, संशय हा काही माझ्या एकटीचा अवगुण नाही. थोरला भाऊ साखळीकडे बघायचा, धाकटा झेंड्याकडे, आणि दोघांच्या बायका माझ्याकडे. मी थोरल्याच्या घरचं पाणी प्याले तर धाकट्याच्या घरून लगेच ताक यायचं. म्हणून मी घरून बाटली न्यायला लागले, तर दोघांनाही वाटलं, तिसऱ्याच कुणाचं तरी पाणी पिते. बांध दर नांगरणीला वीतभर सरकतो आणि तो कुणीच सरकवलेला नसतो. पहिल्याच आठवड्यात धाकट्याने खुणेच्या दगडाला हात घातला आणि थोरला कोयता घेऊन धावला. मी कशी कुणास ठाऊक, दगडावर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "मी उतरेपर्यंत हा दगड सरकारचा."  दोघेही मागे सरले. त्या दिवशी संध्याकाळी एस.टी.त मी एकटीच हसत होते.

घरी पोचले की मात्र हसू मावळायचं. सकाळी सातच्या गाडीने मी निघायचे तेव्हा नितेश झोपलेला, आणि सहाला परत यायचे तेव्हाही झोपलेला. सव्वा वर्षाचं मूल संध्याकाळी सहाला असं मेल्यासारखं झोपतं? हलवलं तर हुं करून कूस बदलायचा. मी छातीशी धरलं तर झोपेतच दोन घोट प्यायचा आणि मान टाकायचा. "आज लई खेळला," सासूबाई सांगायच्या. रोज तेच वाक्य.

आमच्याकडे पूर्वी शेतावर जाणाऱ्या बायका तान्ह्या पोरांना अफूची गोळी चाटवायच्या. बाळगोळी. पोर दिवसभर पडून राहायचं. आता कुणी देत नाही असं सगळे म्हणतात. सगळे म्हणतात त्या गोष्टीवर माझा कधीच विश्वास नसतो. मी सासूबाईंच्या ट्रंकेत हात घालून बघितलं. वेखंड, जायफळ, सासऱ्यांचा फोटो. गोळी नव्हती. म्हणजे दुसरीकडे ठेवली असेल.

मग एका संध्याकाळी त्याचे पाय पुसताना बोटांच्या बेचक्यांत राख सापडली. करडी, मऊ. केसांना धुराचा वास. ही राबाची राख होती, चुलीची नव्हे. चुलीची राख पांढरट असते, तिच्यात मातीचा कण नसतो. आणि आमच्या गावात तर अजून गावदेवीचा नारळच झाला नव्हता. मग हे पोर कुठल्या गावची राख तुडवून आलं? मी वैशालीला विचारलं, "आजी दिवसा कुठे जाते गो?" "मला नाय माहीत," ती लगेच म्हणाली. फार लगेच. आणि बोलताना तिची जीभ दिसली, करवंदांनी काळीनिळी झालेली. आमच्या बाजूची करवंदं अजून हिरवी होती. शाळेतून आली की ती शेजारच्या काकूंकडे बसायची हे मला माहीत होतं. करवंदं तिला कोण आणून देत होतं, ते माहीत नव्हतं.

मी दोनावर दोन ठेवून पाच केले. भगत. सासूबाई पोराला कुठल्या तरी पाड्यावरच्या भगताकडे नेत असणार. तो राख लावत असणार, काहीतरी चाटवत असणार, पोराचं मन आईवरून उठावं म्हणून. आज लिहिताना माझी मलाच लाज वाटते. पण तेव्हा ते मला सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ दिसत होतं. त्यात भर म्हणजे रविवारी, माझ्या हक्काच्या एकुलत्या दिवशी, त्या पहाटेच उठून पोराला घेऊन सरळगावला आपल्या भावाकडे निघून गेल्या. दिवसभर मी घरात एकटी फिरत होते. पाळण्यातली गोधडी हुंगली. कुंपणच शेत खातं म्हणतात, ते हेच, असं मनाशी म्हणत मी भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये तीस एप्रिलला किती दिवस उरले ते बघितलं. त्या रात्रीच ठरवलं, लेखी देणार नाही. टेबल बरं. पाचला गिरवणं बंद, साडेपाचला घरी, पोर माझ्या मांडीवर. दुसऱ्याच्या रेघा गिरवून आजवर कुणी मेलेलं नाही.

सोमवारी मी कामावर गेले ते फक्त काम उरकायला. ऊन चढलं. ओढ्याच्या पलीकडचा तुकडा होता, त्याच्या कोपऱ्यावर गड्याने झेंडा धरला. मी फटीला डोळा लावला. झेंडा सापडला. आणि त्याच रेषेत, झेंड्याच्या पाठीमागे, एका ऐनाखाली कुणीतरी म्हातारी बसलेली दिसली. तिच्या पुढ्यात भाजलेल्या राबाचा करडा चौकोन, आणि त्या चौकोनात एक लहान मूल चालत होतं. चार पावलं टाकायचं, धपकन बसायचं, हात टेकून उठायचं, पुन्हा चालायचं.

"ती म्हातारी कोण हो?" मी गोविंदमामांना विचारलं.

"ती व्हय? ती रोजच येते. धाकट्याची मावशी असंल."

"आमची कुठली?" धाकटा म्हणाला. "थोरल्याची हाय ती. ध्यान ठेवाला बसवलीय. म्हणून तं मी तिला रोज गूळपाणी देतंय. उद्या साक्षीला हुभी राह्यली तं वाकडं नको बोलाला."

थोरला चमकला. "माझी? अरे, मी ती तुझी म्हणून तिला करवंदं दिली."

मी हसले. मूल गोड चालत होतं. कुणाचं का असेना. माझं तर नक्कीच नव्हतं, कारण माझं अजून चालत नव्हतं. पुन्हा डोळा लावला, तेवढ्यात ते मूल वळलं, आणि त्याच्या अंगातलं पिवळं झबलं दिसलं. त्याच्या गळ्याला लाल गोट होता. तो मी शिवला होता.

फळी अशी उघडी सोडून जायची नसते. मी सोडून गेले. ओढ्यातून गेले, चप्पल पाण्यात राहिली. मला बघून सासूबाई उठल्या नाहीत. पदर फक्त नीट केला.

"इथं काय करताय?"

"बसलंय. सावली हाय."

"किती दिवस येताय?"

"झाले धा-बारा. साडेनवाची एश्टी असते."

"कशाला पण?"

"बगाला." त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "तू एकली आन बाकी सगळं गडी. गावातल्या बाया काय काय बोलत व्हत्या. बोलले, लोकांचं ऐकन्यापरीस आपल्या डोळ्यानं बगू."

म्हणजे मी ज्यांच्यावर पाळत ठेवत होते, त्या माझ्यावर पाळत ठेवून होत्या. मला राग यायला हवा होता, पण आधी सुटल्यासारखं वाटलं. गोळी नव्हती, भगत नव्हता. उन्हातान्हात दोन एस.टी. बदलून दमलेलं पोर होतं, एवढंच.

"मग? काय दिसलं?"

"काय नाय दिसलं. पयल्याच दिशी कळलं, काय नाय तसलं."

"मग रोज कशाला आलात? आणि आलात तर जवळ का नाही आलात?"

"जवळ कशी येऊ? मोजणीवालीची सासू कळली असती तं दोगं बोलले असते, म्हातारीला हाताशी धरून कागद फिरवला. तुझी रेघ खोटी पडली असती." मग म्हणाल्या, "वैशूचे बाबा लहान व्हते, मालक गेला, त्या साली आपल्या शेताची मोजणी आली. मी बांधावर गेले तं बोलले, बायांचं काय काम हितं, घरात जा. मी गेले घरात. सांजच्याला येऊन बगतंय तं कोपऱ्यावरचा आंबा चुलत दिराच्या हद्दीत. तू त्या दगडावर हुभी राह्यलीस ना, ते मी बगितलं. मंग रोज आले."

आमच्या दारातून तो आंबा दिसतो. लग्न होऊन आले तेव्हापासून मी बघत होते की सासूबाई त्या झाडाचा आंबा कधी तोंडाला लावत नाहीत. मला वाटायचं, पथ्य असेल. वाकडेपणा असेल. त्या बाईबद्दल मी किती काय-काय ओळखून होते, आणि त्यातलं एकही खरं नव्हतं.

मूल एव्हाना पुन्हा उठून उभं राहिलं होतं. गुडघ्यापर्यंत राख.

"हा चालायला कधी लागला?"

त्या पहिल्यांदा खाली बघायला लागल्या.

"झाले आठ दिस."

"आठ दिवस? आणि मला कुणी सांगितलं नाही? वैशूलाही माहीत होतं?"

"मीच बोलले तिला, नको सांगू. रविवारी घेऊन गेले भावाकडं ते त्याच्याचसाठी. घरात असता तं तुला दिसला असता."

"पण का?"

"सांगतलं असतं तं तू त्या मोजणीच्या कागदावर सही नसती केलीस."

 त्यांचा अंदाज एका वितीनेही चुकला नव्हता. पोराने पहिलं पाऊल टाकलं आणि मी तिथे नव्हते, हे कळल्या क्षणी मी टेबलावर परत गेले असते, आणि जन्मभर सांगत राहिले असते की मी ते मुलांसाठी केलं. सासूबाईंनी मला ते करू दिलं नाही. आणि त्यासाठी माझ्या मुलाचे चालण्याचे पहिले आठ दिवस स्वतःजवळ ठेवून घेतले. आंब्याची गोष्ट ऐकल्यावर टेबलावर परतणं मला जमेना; एप्रिलअखेर मी लेखी दिलं आणि कायमची मोजणीवर गेले. आता तर यंत्रं आली, फळी अडगळीत पडली. वैशालीच्या मुंबईच्या कॉलेजातल्या मैत्रिणी मला विचारतात, "काकू, तुम्ही दोन्ही कसं जमवलंत?" मी काहीतरी सांगते. जमवलं नव्हतं. कुणीतरी माझ्यापासून लपवलं होतं. त्याबद्दल मी सासूबाईंचे आभार मानले नाहीत, आणि ते आठ दिवस त्यांना माफही केलेले नाहीत. त्या गेल्या तेव्हा दोन्ही माझ्याजवळच राहिलं.

त्या दिवशी ओढ्यापलीकडून गोविंदमामा हाका मारत होते, ऊन कलायच्या आत रेघ पुरी करायला हवी होती. मी राबाच्या कडेला खाली बसले आणि हात पुढे केले. "ये, नितू." डोक्याला उन्हासाठी गुंडाळलेला टॉवेल, घाम, हातात पेन्सिल. तो थबकला. त्याने मला नीट न्याहाळलं. मग मागे वळून आजीकडे बघितलं, जाऊ का असं विचारल्यासारखं.

"जा रे," ती म्हणाली. "आई हाय ती."

तेव्हा तो आला.